भाषासंपादन, बालकांचे

भाषासंपादन, बालकांचे : जन्मानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत मूल आपल्या भोवतालच्या माणसांची भाषा कोणीही हेतुपुरस्सर धडे न देता आत्मसात करते. या प्रक्रियेस भाषासंपादन असे म्हणतात. अशा रीतीने प्रथम आत्मसात होणारी भाषा ती प्रथमभाषा. रूढ अर्थाने तिलाच मातृभाषा म्हणतात. तथापि ती आईचीच भाषा असते, असे नाही. आजी, थोरली भावंडे, शेजारपाजारची मुले यांच्या सहवासातूनही ती येते आणि एका मुलाच्या प्रथमभाषा दोन वा अधिकही असू शकतात. शाळेत किंवा अन्यत्र प्रयत्नपूर्वक शिकण्यात येणाऱ्या भाषेच्या बाबतीत भाषाध्ययन ही वेगळी संज्ञा वापरणे इष्ट ठरते. संपादनास पाठ्यपुस्तक, शिक्षक वा लिपी यांची गरज नसते; ऐकू येणे, भोवती बोलणारी माणसे असणे आणि त्यांच्या व्यवहारात मुलाला स्थान असणे एवढे पुरेसे असते.

भाषासंपादनाचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे त्याची सार्वत्रिकता. पालकांची साक्षरता, सांपत्तिक स्थिती किंवा सामाजिक दर्जा यांवर ते अवलंबून नसते. शब्दसंग्रह कमीअधिक असू शकतो. परंतु पुण्यातील सुशिक्षित कुटुंबातले मूल आणि पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात एखाद्या पाड्यावर वाढणारे मूल आपापल्या भाषेचे व्याकरण साधारणपणे सारख्याच वयात आणि सारख्याच टप्प्यांनी हस्तगत करते. फरक पुढे पडतो. पहिल्या मुलाला शाळेत आपलीच भाषा ऐकू येते, दुसऱ्याला दुसरी. दुसऱ्या मुलाला भाषाच येत नाही, असा समज मग होतो. हा समज चुकीचा का आहे, हे भाषासंपादनाची प्रक्रिया पाहिल्यावर स्पष्ट होते.

भारतीय विचार : मुलाला शब्दाचा अर्थ कसा कळतो, हा प्रश्न मीमांसकांनी फार पूर्वी उपस्थित केला. त्यांच्या मते वृद्धव्यवहार, म्हणजे जाणत्या माणसांचा परस्पर व्यवहार, हे भाषाज्ञानाचे मुख्य साधन होय. एक वडीलधारा माणूस दुसऱ्यास ‘गाय आण’ असे सांगतो व दुसरा गाय आणतो; जवळचे मूल हे ऐकते आणि पाहते. पुढे ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ अशी वाक्ये त्याच्या कानी पडतात. कोणता शब्द घातल्याने व कोणता वगळल्याने कृतीत काय बदल होतो हे ताडून मूल प्रत्येक शब्दाचा अर्थ वेगळा काढते. या घालण्या-वगळण्यास आवाप व उद्वाप अशा संज्ञा आहेत. प्रभाकराच्या मतानुसार शब्दाचा अर्थ वाक्यातील अन्वयासहच कळतो (अन्विताभिधानवाद), तर कुमारिलाच्या मतानुसार शब्दांचे अर्थ आधी स्वतंत्रपणे कळतात आणि मग त्यांचा अन्वय लागतो (अभिहितान्वयवाद). मूल सुटे शब्द ऐकत नाही, ते व्यवहारात गुंतलेली सबंध वाक्ये ऐकते व त्यांची फोड स्वतः करते, हे या चर्चेचे गृहीत आजच्या संशोधनाशी जुळणारे आहे.

आधुनिक उपपत्ती : मूल अनुकरणाने भाषा शिकते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बी. एफ्. स्किनर यांनी १९५७ मध्ये भाषा म्हणजे उद्दीपन, प्रतिसाद व प्रबलन यांतून जडणारी सवय होय, असे प्रतिपादन केले. नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये या मतावर सविस्तर टीका केली. मूल पूर्वी कधीही न ऐकलेली वाक्ये बोलते व समजते. त्याच्या कानी पडणारे बोलणे तर तुटक व मर्यादित असते. यावरून भाषेची सर्वसामान्य चौकट मानवी मनात उपजत असावी, असे त्यांचे म्हणणे आहे. झां प्याजे यांनी भाषाविकासाचा संबंध मुलाच्या एकूण बौद्धिक विकासाशी जोडला, तर व्हिगॉट्स्की यांनी सामाजिक व्यवहारावर भर दिला. मायकेल टोमासेलो यांच्या विवेचनानुसार (२००३) दुसऱ्याचा हेतू ओळखणे आणि ऐकलेल्या बोलण्यातील आकृतिबंध हेरणे या दोन सामान्य क्षमतांमधून मूल व्याकरणाची उभारणी करते. उपजत किती आणि अनुभवजन्य किती, याविषयी मतभेद आहेत. परंतु मूल हे केवळ ग्रहण करणारे नसून सक्रियपणे नियम शोधणारे असते, याविषयी एकमत आहे. रॉजर ब्राउन व कॅमिल हॅनलन यांना १९७० मध्ये असे आढळले, की पालक मुलांच्या बोलण्यातील व्याकरणाच्या चुका क्वचितच सुधारतात. ते दुरुस्त करतात ते बोलण्याचे खरेखोटेपण. तरीही मुलांचे व्याकरण आपोआप सुधारत जाते.

संपादनाचे टप्पे : (१) श्रवण : भाषेशी परिचय जन्मापूर्वीच सुरू होतो. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत ध्वनी ऐकू येतात. नवजात अर्भक इतर स्त्रियांच्या आवाजापेक्षा आईचा आवाज अधिक पसंत करते, असे डीकॅस्पर व फायफर यांच्या प्रयोगात (१९८०) दिसून आले. आरंभी अर्भकास जगातील कोणत्याही भाषेतील बहुतेक ध्वनिभेद ओळखता येतात. जॅनेट वेर्कर व रिचर्ड टीज यांचा १९८४ चा प्रयोग मराठी वाचकास विशेष उद्बोधक वाटेल. इंग्रजी भाषक कुटुंबांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील दंत्य ‘त’ व मूर्धन्य ‘ट’ यांतील फरक ओळखता आला; दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना तो ओळखता आला नाही. हिंदी भाषक घरांतील त्याच वयाच्या बाळांची ही क्षमता मात्र टिकून होती. म्हणजे पहिल्या वर्षाच्या अखेरीस मुलाचा कान घरच्या भाषेला जुळवून घेतो व तिच्यात नसलेले भेद सोडून देतो. हे जुळवून घेणे किती सूक्ष्म असते, याचे मराठीतील उदाहरण म्हणजे ‘चार’ व ‘चाक’ या शब्दांतील दोन वेगळे ‘च’ किंवा ‘जग’ (दुनिया) व ‘जग’ (जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप) यांतील दोन वेगळे ‘ज’. लिपीत त्यांना एकच अक्षर आहे, व्याकरणाच्या शालेय पुस्तकात त्यांचा क्वचितच उल्लेख येतो. तरी मराठी घरातील तीन वर्षांचे मूल त्यांत सहसा गोंधळ करीत नाही. याउलट, ज्या बोलींत ‘न’ व ‘ण’ हा भेद केला जात नाही, त्या बोली बोलणाऱ्या घरातील मुलाला शाळेत तो भेद प्रयासाने शिकावा लागतो. तो त्याच्या जिभेचा दोष नव्हे. त्याचा कान आपल्या भाषेशी इमान राखून असतो.

बोलण्याच्या अखंड प्रवाहातून शब्द वेगळे काढणे हेही श्रवणाचेच काम होय. सॅफ्रन, ॲस्लिन व न्यूपोर्ट यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की आठ महिन्यांची बाळे कोणत्या अक्षरानंतर कोणते अक्षर वारंवार येते याचा माग ठेवून अर्थहीन ध्वनिमालिकेतूनही शब्दसदृश गट ओळखतात.

(२) बडबड : दोन-तीन महिन्यांचे बाळ हुंकार देते. सहा-सात महिन्यांच्या सुमारास ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी व्यंजन-स्वरांची आवर्तने सुरू होतात. बहिऱ्या मुलांत ही अवस्था उशिरा व अपुरी दिसते; मात्र खुणांची भाषा वापरणाऱ्या कुटुंबातील बहिरी बाळे याच वयात हातांनी ‘बडबड’ करतात, असे पेटिटो व मॅरेनटेट यांना आढळले (१९९१). भाषेची प्रेरणा केवळ वाचेपुरती नाही, असे यावरून म्हणता येते.

(३) एकशब्दी अवस्था : पहिला अर्थपूर्ण शब्द बहुधा वर्षाच्या आसपास उमटतो. बोलण्यापेक्षा समजणे नेहमीच पुढे असते. ‘दिवा कुठे आहे?’ असे विचारताच बोलता न येणारे मूल वर पाहते. एकेका शब्दाने संपूर्ण वाक्याचे काम होते. ‘भुर्र’ याचा अर्थ प्रसंगानुसार ‘मला बाहेर ने’, ‘बाबा बाहेर गेले’ किंवा ‘चिमणी उडाली’ असा होतो. शब्दांचा अर्थविस्तारही होतो. कुत्र्यासाठी शिकलेला ‘भूभू’ हा शब्द शेळी, वासरू अशा सर्व चतुष्पादांना लागतो व हळूहळू संकोच पावतो. उच्चार सोपे करून घेतले जातात : ‘राजा’चे ‘लाजा’, ‘काका’चे ‘ताता’, ‘गाडी’चे ‘दादी’, ‘पुस्तक’चे ‘पुत्तक’. हे बदल स्वैर नसतात. कंठ्य व्यंजनाच्या जागी दंत्य येणे, जोडाक्षराचे द्वित्त होणे असे ठरावीक नियम त्यांत दिसतात. ‘लाम’ म्हणणाऱ्या मुलाला मोठ्यांनी चिडवून ‘लाम’ म्हटले, तर ते रागावते; योग्य ध्वनी त्याच्या कानात असतो, तोंडी आलेला नसतो.

(४) द्विशब्दी अवस्था : दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान ‘आई ये’, ‘दूध नको’, ‘बाबा गेले’ अशी जोडणी सुरू होते. ब्राउन यांनी ॲडम, ईव्ह व सारा या टोपणनावांनी ओळखल्या जाणाऱ्या तीन मुलांच्या बोलण्याच्या दीर्घ नोंदी ठेवून १९७३ मध्ये दाखवून दिले, की कर्ता-क्रिया, वस्तू-मालक, वस्तू-स्थान असे मोजकेच संबंध या अवस्थेत व्यक्त होतात. या काळात मूल स्वतःचा उल्लेख बहुधा नावाने करते, कारण ‘मी’ व ‘तू’ हे शब्द बोलणाऱ्यागणिक माणसे बदलतात.

(५) व्याकरणाची उभारणी : दुसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या दरम्यान रूपव्यवस्था आत्मसात होते. मराठीसारख्या प्रत्ययबहुल भाषेत हे काम लहान नाही. तीन लिंगे, सामान्यरूपे, ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतील भेद, ‘तू’ व ‘तुम्ही’ यांमागील नात्यांचे भान, तसेच ‘बाबांनी आंबा खाल्ला’, परंतु ‘बाबांनी पोळी खाल्ली’ अशी कर्माप्रमाणे बदलणारी क्रियापदे ही सर्व गुंतागुंत शाळेत जाण्यापूर्वीच मुलाने आटोक्यात आणलेली असते. या काळातील चुका विशेष बोलक्या असतात. ‘बसला’, ‘उठला’ यांच्या धर्तीवर मूल ‘करला’, ‘जाला’ म्हणते. ‘घराला’ या नमुन्यावर ‘घोडाला’, ‘पाणीला’ अशी रूपे बनवते. घरात कोणी तशी रूपे वापरीत नसते. म्हणजेच ती अनुकरणाने आलेली नसून नियमाच्या अतिव्याप्तीने आलेली असतात. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये अर्थहीन बनावट शब्द देऊन मुलांकडून त्यांची अनेकवचने करवून घेतली व मुलाजवळ पाठांतर नव्हे, तर नियम असतो हे सिद्ध केले. दिवसभर आईच्या सहवासात असलेला लहान मुलगा ‘मी जाते’, ‘मी येते’ असे म्हणतो, हा मराठी घरांतील नेहमीचा अनुभव आहे. क्रियापदाचे रूप बोलणाऱ्याच्या लिंगानुसार बदलते, हा नियम त्याला अजून लागायचा असतो. तो लागला, की कोणी शिकवल्याशिवाय ‘मी जातो’ येते.

मुलाची म्हणून जी चूक समजली जाते, ती दुसऱ्या बोलीत प्रौढांचे रूढ रूप असू शकते, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. ‘प्यालो’ऐवजी ‘पिलो’ हे रूप महाराष्ट्राच्या मोठ्या भागात सर्रास चालते. शुद्ध व अशुद्ध हा निवाडा सामाजिक असतो. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही रूपे नियमबद्धच असतात.

बाळबोली : मोठी माणसे तान्ह्या मुलांशी विशिष्ट प्रकारे बोलतात. आवाज चढा, चाल संथ, वाक्ये आखूड आणि शब्द खास असतात : ‘मम’, ‘दुदू’, ‘जोजो’, ‘पापा’, ‘बाऊ’, ‘हम्मा’, ‘चिऊ’, ‘काऊ’, ‘बाप्पा’. भाषावैज्ञानिक अशोक केळकर (१९२९–२०१४) यांनी मराठीतील या बोलीचे वर्णन करणारा लेख १९६४ मध्ये वर्ड या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी अरबी, मराठी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी व स्पॅनिश या सहा भाषांतील बाळबोलींची तुलना केली. या भाषांत अक्षरांची पुनरावृत्ती, सोपी व्यंजने आणि खाणे, झोपणे, प्राणी, नातेवाईक यांपुरता सीमित शब्दसंग्रह ही साम्ये त्यांना आढळली. बाळबोली मुलांची निर्मिती नव्हे. ती मोठ्यांनी पिढ्यान्पिढ्या चालवलेली रूढी होय. ती उपकारक असली, तरी अनिवार्य नाही. पापुआ न्यू गिनीतील कालुली जमातीत प्रौढ माणसे तान्ह्या मुलांशी अशी बोली बोलत नाहीत, असे बँबी शिफेलिन व एलिनॉर ऑक्स यांनी नोंदविले आहे (१९८४). तरीही ती मुले यथाकाल भाषा आत्मसात करतात. आई-वडील दिवसभर कामावर असलेल्या कष्टकरी घरात थोरले भावंड धाकट्याला कडेवर घेऊन हिंडते, तेव्हा धाकट्याची भाषा मुलांच्या घोळक्यात घडते. तिचे व्याकरण त्यामुळे अपुरे राहत नाही.

संपादनकाल : एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ मध्ये असे मत मांडले, की प्रथमभाषेच्या संपादनास पौगंडावस्थेपर्यंतचा मर्यादित काळ उपलब्ध असतो. कॅलिफोर्नियात १९७० मध्ये उजेडात आलेल्या, वयाच्या तेराव्या वर्षापर्यंत कोंडून ठेवलेल्या ‘जिनी’ या टोपणनावाच्या मुलीला पुढे बरेच शब्द आले. परंतु वाक्यरचना साधली नाही. अर्थात तिच्यावर झालेल्या इतर अत्याचारांमुळे या उदाहरणावरून निर्णायक निष्कर्ष काढता येत नाही. निकाराग्वातील मानाग्वा येथे १९७० नंतरच्या दशकात बहिऱ्या मुलांसाठी शाळा निघाली. तेथे एकत्र आलेल्या मुलांनी आपापल्या घरगुती खुणांमधून, आणि पुढील तुकड्यांतील लहान मुलांनी त्यांवर संस्कार करून, एक पूर्ण व्याकरणबद्ध खुणांची भाषा निर्माण केली. आयते साहित्य तुटपुंजे असले, तरी मुले त्यातून भाषा घडवतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

बहुभाषिक परिसर : दोन भाषा एकदम कानी पडल्यास मूल गोंधळते, ही समजूत संशोधनाने टिकून राहिलेली नाही. वेर्नर लिओपोल्ड यांनी आपल्या मुलीच्या जर्मन-इंग्रजी भाषाविकासाच्या नोंदी १९३९ ते १९४९ या काळात चार खंडांत प्रसिद्ध केल्या. रॉबिन्स बर्लिंग यांनी १९५९ मध्ये मेघालयातील गारो टेकड्यांत वाढलेल्या आपल्या मुलाचे निरीक्षण मांडले. तो घरी इंग्रजी व बाहेर गारो भाषा ऐकत होता आणि दोन्ही त्याला येऊ लागल्या. दोन भाषांची सरमिसळ आरंभी दिसते, परंतु कोणाशी कोणती भाषा बोलावी याचे भान मुलास लवकरच येते. भारतात तर बहुभाषिकता हीच सर्वसाधारण स्थिती आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कन्नड व उर्दू या भाषा पिढ्यान्पिढ्या शेजारी नांदल्यामुळे त्यांच्या वाक्यरचना एकमेकींच्या किती जवळ आल्या आहेत, हे गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले.

अच्छाड परिसरातील भाषास्थिती : महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरील डहाणू व तलासरी तालुके हे अशा परिसराचे वैशिष्ट्यपूर्ण उदाहरण होय. तलासरी तालुक्यातील अच्छाड हे गाव मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या सीमेलगत आहे. दोन्ही तालुक्यांत वारली समाजाची वस्ती मोठी असून धोडी, दुबळा, कोकणा, काथोडी इ. आदिवासी समाजही राहतात. किनारपट्टीत व बाजारपेठांत गुजराती, सरकारी कचेऱ्यांत मराठी आणि महामार्गावर हिंदी चालते. ग्रीअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात वारलीची नोंद मराठीच्या सातव्या खंडात (१९०५), तर धोडीची नोंद भिल्ल भाषांच्या खंडात (१९०७) आहे. एकाच शिवारात राबणाऱ्या दोन कुटुंबांच्या भाषा अशा प्रकारे कोशांत व सर्वेक्षणांत दूर गेल्या. मुलांच्या खेळात त्या शेजारीच राहिल्या.

या परिसराची सीमाही भाषेच्या दृष्टीने विचारात घ्यावी लागते. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्याचा काही भाग गुजरातमध्ये गेला. तलासरी हा तालुका ठाणे जिल्ह्यात राहिला व १ ऑगस्ट २०१४ पासून तो नव्या पालघर जिल्ह्यात आहे. वारली समाज या सीमेच्या दोन्ही बाजूंना आणि दाद्रा व नगरहवेलीतही आहे. त्यामुळे घरी एकच भाषा बोलणारी, प्रसंगी एकमेकांच्या नात्यातली मुले अलीकडे मराठीत, तर पलीकडे गुजरातीत शिकतात. अलीकडेही काही शाळांचे माध्यम गुजराती आहे. मुलाची घरची भाषा व शाळेची भाषा यांतील नाते निसर्गाने ठरलेले नसून प्रशासनाने ठरविलेले आहे, हे येथे जितके उघड दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते.

घरची भाषा व शाळेची भाषा : वारली मराठीला जवळची आहे, आणि अडचण बव्हंशी या जवळिकीतूनच निर्माण होते. तमिळ बोलणारे मूल मराठी शाळेत आले, तर त्याला दुसरी भाषा शिकावी लागणार हे शिक्षकास मान्य असते. वारली बोलणाऱ्या मुलाचे बोलणे मात्र ‘वेगळी भाषा’ म्हणून नव्हे, तर ‘बिघडलेली मराठी’ म्हणून ऐकले जाण्याचा धोका असतो. दुसऱ्या भाषेला मिळणारी सवलत त्याला मिळत नाही. चूक तेवढी नोंदली जाते. वास्तविक, सहा वर्षांच्या त्या मुलाजवळ एका भाषेची संपूर्ण रूपव्यवस्था असते. पाड्यावरची नाती, झाडे, मासे, पाखरे, शेतीची कामे, सणांतील तारपानृत्य आणि लग्नात धवलेरी गात असलेली गीते यांनी भरलेला शब्दसंग्रह असतो. प्रश्न न कळल्यामुळे ते गप्प बसते. ही शांतता मतिमांद्य म्हणून किंवा अनास्था म्हणून वाचली जाते. हंगामात वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या बाबतीत शाळेच्या भाषेशी जेमतेम जडलेला संबंधही खंडित होतो. शाळा सोडणाऱ्या मुलांचा विचार करताना दारिद्र्याइतकाच या भाषिक परकेपणाचाही विचार करावा लागतो.

प्राथमिक शिक्षण मुलाच्या भाषेतून व्हावे, या तत्त्वाला मान्यता आहे. युनेस्कोच्या तज्ञांनी १९५३ मध्ये तशी शिफारस केली. भारतीय संविधानात १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ३५०-अ नुसार भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करणे हे राज्यांचे कर्तव्य ठरते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराचा २००९ चा अधिनियम आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण यांतही, शक्य तेथवर, हेच तत्त्व स्वीकारले आहे. मात्र ज्या भाषेला राज्य नाही, लिखित परंपरा तुटपुंजी आहे व जी कोणत्याही शाळेचे अधिकृत माध्यम नाही, तिच्या बाबतीत ‘शक्य तेथवर’ या शब्दांवरच सर्व काही अवलंबून राहते.

कोसबाडचा प्रयोग : याच परिसरात बालशिक्षणाचा एक महत्त्वाचा प्रयोग झाला. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले होते. १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) या त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले व ते आदिवासी मुलांच्या शिक्षणाशी जोडले गेले. माँटेसोरी यांनी लहान मुलाच्या ठिकाणी भोवतालचे सर्व काही शोषून घेणारे ग्रहणशील मन असते, असे मांडले होते. भाषा हे त्यांच्या मते याचे मुख्य उदाहरण. ताराबाईंनी या विचारास ग्रामीण रूप दिले. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे वापरले गेले. मुले शाळेपर्यंत येत नसल्यामुळे पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरू लागली. तीच अंगणवाडी होय. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जात, ती कुरणशाळा. अंगणवाडी हा शब्द पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे देशभर पोहोचला.

भाषासंपादनाच्या दृष्टीने या प्रयोगाचे मर्म असे, की शाळा मुलाच्या परिसरात गेल्यामुळे बोलण्याचे विषय मुलाच्या हातातले राहिले. ज्या वस्तूचे नाव मुलाला ठाऊक आहे, तिच्याविषयी बोलताना शाळेच्या भाषेतील नाव जुन्याशेजारी येऊन बसते. जुने पुसावे लागत नाही. मीमांसकांचा वृद्धव्यवहार येथे नव्या भाषेसाठी पुन्हा घडतो : कृती समोर असते, वाक्य कानी पडते, अर्थ मूल काढते. याच कारणास्तव अंगणवाडीची सेविका स्थानिक व मुलाची भाषा बोलणारी असणे, आरंभीच्या महिन्यांत मुलाने घरच्या भाषेत दिलेले उत्तर स्वीकारणे आणि गोष्टी व गाणी दोन्ही भाषांत चालू ठेवणे या गोष्टी बालशिक्षणात मोलाच्या मानल्या जातात. प्रथमभाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेच्या शिक्षणास पायाभूत ठरते.

विलंब व दोष : भाषाविकासाच्या वेगात मुलामुलांत मोठा फरक असतो, परंतु आवाजाकडे न वळणारे, वर्षाच्या आत बडबड न करणारे किंवा दोन वर्षांपर्यंत एकही शब्द न बोलणारे मूल असल्यास प्रथम त्याची श्रवणशक्ती तपासणे अगत्याचे असते. बहुभाषिक भागात निदानाची चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. श्रवणदोष असलेल्या मुलाचे न बोलणे ‘त्याला मराठी येत नाही’ म्हणून सोडून दिले जाते, तर निरोगी मुलाचे न बोलणे मंदपणा म्हणून नोंदले जाते. पहिल्या चुकीत संपादनाचा मोलाचा काळ वाया जातो. दुसरीत मुलावर आयुष्यभराचा शिक्का बसतो. म्हणून मुलाच्या भाषेची परीक्षा त्याच्या घरच्या भाषेतच व्हावयास हवी. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथूनच आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष व भाषाविकासातील विलंब यांच्या तपासणीचा समावेश आहे.

सारांश, शाळेच्या दारात येणारे कोणतेही मूल, विशेष व्याधी नसल्यास, भाषेच्या बाबतीत रिकाम्या हाताने येत नाही. मानवाच्या बौद्धिक कार्यांपैकी एक अत्यंत अवघड कार्य त्याने शिक्षकावाचून पुरे केलेले असते. ते त्याने कोणत्या भाषेत पुरे केले, हा जन्मस्थानाचा योगायोग होय. त्याला दुसरी भाषा द्यावयाची असल्यास पहिलीची दखल घेऊनच ती देता येते, हा भाषासंपादनाच्या अभ्यासाचा शिक्षणास लागू होणारा मुख्य निष्कर्ष आहे.